अंबाडीचा सॉस आणि लेकीच्या घरचं पाणी

आम्ही अमेरिकेला निघालो त्या दिवशीही आईने आमच्या घरी पाणी घेतलं नाही.

सांगलीतल्या भाड्याच्या खोल्या रिकाम्या झाल्या होत्या आणि बॅगा दाराशी लावून ठेवल्या होत्या. आई आष्ट्याहून सकाळच्या एसटीने आली. पिशवीत तिची भाकरी होती, कांदा होता, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याची बाटली होती. एका बॅगेवर बसून तिने भाकरी खाल्ली. हात धुवायला ती दाराबाहेर गेली आणि स्वतःच्याच बाटलीतल्या पाण्याने धुतले. मग म्हणाली, "जावा. नीट ऱ्हावा." गाडी निघाली तेव्हा ती फाटकाशी उभी होती. ती रडली नाही, मीही नाही.

सांगलीच्या एका दैनिकात मी डेस्कवर, आलेल्या बातम्या नीट करायचं, काम करत होते. घटना पहिल्या परिच्छेदात आणि कारण दुसऱ्यात, अशी तिथली शिस्त होती. इथे कारण असं आहे: लेकीला मूल झाल्याशिवाय आईबापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, अशी आमच्या भागातल्या बऱ्याच घरांत रीत आहे. काही घरांनी ती सोडली, काहींत ती सांगण्यापुरती उरली आहे. आईने ती पाळली. लग्नाला बरीच वर्षं होऊन गेली होती आणि मूल होणार नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ते आईलाही माहीत होतं. म्हणजे ती आमच्याकडे कधीच जेवणार नव्हती. यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. ती भाकरी घेऊन यायची, मी तिच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवायचे आणि जाताना तो तसाच उचलायचे.

मॅसॅच्युसेट्समधल्या ज्या गावी आम्ही राहायला गेलो तिथे क्रॅनबेरी या आंबट लाल फळाचे मळे होते. फळ पिकलं की शेतात पाणी सोडतात आणि फळं वर तरंगतात. दुरून पाहिलं तर तळ्यावर लाल गालिचा टाकल्यासारखं दिसतं. व्हिसामुळे मला पहिली काही वर्षं नोकरी करता येत नव्हती. त्या काळात स्वयंपाक हेच काम होतं. नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी माझ्या नवऱ्याच्या, अविनाशच्या, ऑफिसातल्या लोकांकडे थँक्सगिव्हिंगचं, म्हणजे वर्षाचे आभार मानायच्या सणाचं, जेवण असे. प्रत्येकाने एक पदार्थ न्यायचा. मी लाल भोपळ्याचे घारगे न्यायचे. लोक ते खायचे आणि छान म्हणायचे. एकदा घारगे कच्चे राहिले होते, तेव्हाही छानच म्हणाले. त्या देशात माझ्या हातचं कुणी कधी परत केलं नाही. ताट परत करण्याचा काही अर्थ असतो हेच तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. आष्ट्यातून गेलेल्या माणसाला या गोष्टीचं आधी बरं वाटतं. नंतर ते पचपचीत लागायला लागतं.

जुई आमच्या घरी आली ती एका वर्षी त्याच सणाच्या आठवड्यात. पुण्याच्या एका संस्थेतून आम्ही तिला दत्तक घेतलं. कागदपत्रांना फार वेळ लागला आणि शेवटी ती घरात पोचली तेव्हा गावातल्या सगळ्या घरांत थँक्सगिव्हिंगच्या जेवणाची तयारी चालली होती. तिची खरी जन्मतारीख कुणालाच माहीत नाही, कागदावरची अंदाजाने टाकलेली आहे. म्हणून आमच्या घरात तो गुरुवार हाच तिचा दिवस ठरला. क्रॅनबेरीचा सॉस तिने पहिल्यांदा चाखला, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा मागितला. पुढे उंची पुरायला लागली तसा तो तीच करायला लागली. साखर, पाणी, संत्र्याची साल, फळं. फळं फुटताना तडतड आवाज होतो, तो ऐकायला ती पातेल्याशी कान नेऊन उभी राहायची.

तिला आणल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा आईने विचारलं, "कुनाची?"

"आमची."

"तसं न्हवं. कुनाची?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि असतं तरी दिलं नसतं. नंतर सुट्टीत दोनदा आलो, तेव्हा आष्ट्यालाच उतरलो. आईने जुईला अंघोळ घातली, मांडीवर बसवून भरवलं, शेजारणींना दाखवलं. द्यायला रीत आड येत नाही. ती फक्त घ्यायला आड येते. त्यामुळे आष्ट्यात काहीच कळलं नाही.

कळलं ते परत आल्यावर. अविनाशचं काम घरून करता येण्यासारखं झालं आणि आम्ही त्याच्या गावी, कोरेगावला, घर बांधून राहायला आलो. जुई तेव्हा दहाची होती. तिने शाळा सोडली, मैत्रिणी सोडल्या, बर्फ सोडला. तक्रार केली, पण केल्यासारखी. एकच गोष्ट तिने ठरवून मागितली: नोव्हेंबरचं जेवण इथेही करायचं आणि त्याला आष्ट्याच्या आज्जीला बोलवायचं. तिच्या तिकडच्या शाळेत सगळ्यांच्या आज्ज्या होत्या, जेवायला येणाऱ्या, राहायला येणाऱ्या. तिची एकच उरली होती आणि तीही फोनवर.

मग मी तिला रीत सांगितली. लपवण्यात अर्थ नव्हता, शाळेत कुणीतरी सांगितलीच असती. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"पण आता मी आहे ना," ती म्हणाली. "मग जेवेल."

तिच्या दृष्टीने प्रश्न तिथे संपला होता. माझ्या दृष्टीने तो तिथे सुरू झाला. आई जेवली तर जुई तिची नात. नाही जेवली तर जुई म्हणजे संगीने, म्हणजे मी, आणलेली एक मुलगी. हे असं उघड कुणी बोलणार नव्हतं. त्यासाठी ताट पुरेसं होतं.

क्रॅनबेरी कोरेगावात मिळण्याचा प्रश्नच नव्हता. साताऱ्याला एका मोठ्या दुकानात सुकवलेली, साखरेत घोळवलेली मिळाली. जुईने एक चाखून पाकीट बंद केलं. करवंदं उन्हाळ्यात येतात. शेवटी आईलाच फोन केला, नोव्हेंबरात आंबट आणि लाल असं काय मिळेल म्हणून.

"पुंडीची बोंडं घे की," ती म्हणाली. तिचं माहेर जतकडचं, त्यामुळे अंबाडीला ती अजून पुंडी म्हणते. "लाल आंबाडी. बांधाला लय आलीया औंदा. मी आनते येताना."

म्हणजे ती येणार होती. जुईने हे कॅलेंडरवर लिहिलं.

त्या गुरुवारी दादाने आईला गाडीतून आणलं. दादा माझा थोरला भाऊ, आष्ट्याची शेती तो बघतो. आईच्या एका हातात बोंडांनी भरलेली पिशवी होती. दुसऱ्या हातात भाकरीचं फडकं होतं. ते मी पाहिलं, अविनाशनेही पाहिलं. जुईने फक्त बोंडं पाहिली.

दोघी व्हरांड्यात बोंडं सोलत बसल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"देठाकडनं विळीला टेकव. गोल फिरीव. आता आंगठ्यानं ढकल. व्हय, निघाली बघ बियांची गाठ."

"आज्जी, हे उकळलं की पॉप होतं का?"

"काय व्हतंय?"

"फुटतं का? आमची फुटायची. तड तड."

"ही मुक्यानं शिजत्यात. तुमची कुठं लागत्यात, झाडाला का वेलाला?"

"वेलाला. मग शेतात पाणी सोडायचं आणि ती तरंगतात."

"पिकात पानी तुंबवून फळं काढायची?" आई हसली. "लय खोटं बोलतीस गं. आमच्याकडं पिकात पानी तुंबलं की लोकं रडत्यात."

"शप्पथ."

"शपथा नगं घेऊ. सोल."

हसण्याचा आवाज दोघींचा होता. आई माणूस म्हणून कोरडी नाही, हे इथे नोंदवलं पाहिजे. तिला जुई आवडत होती. प्रश्न आवडण्याचा नव्हता.

जेवणाचं सांगायचं तर त्यात टर्की नव्हती. गावरान कोंबडी भाजली होती. उकडलेले बटाटे लोणी घालून घोटले होते. तिकडे हिरव्या शेंगांचा एक पदार्थ असे, त्याच्या जागी कोरेगावचा वाघ्या घेवडा होता, कांदा-लसूण चटणी घालून. घारगे होते. आणि काचेच्या भांड्यात जुईचा सॉस, जांभळट लाल. क्रॅनबेरीपेक्षा जरा बुळबुळीत झाला होता, पण आंबटपणा बरोबर होता. उकळत असताना तिने चमचा फुंकून व्हरांड्यात नेला होता. "आज्जी, बघ ना कसा झालाय." आईने मान वळवून सांगितलं, "तुझी आई बघंल." तेव्हाही जुईला काही वाटलं नाही. आज्जीचे हात खराब होते, असं तिने मला येऊन सांगितलं.

ताटं मांडली. आईचं ताट जुईने स्वतः वाढलं आणि समोर ठेवलं. आई उठली आणि भाकरीचं फडकं घ्यायला निघाली.

दादाला वेळ सावरायची सवय आहे. तो म्हणाला, "आईचा गुरुवार हाय गं जुई. उपास. उपासाला हे चालत न्हाई."

आईने आयुष्यात कधी गुरुवार केला नव्हता. फडक्यातल्या भाकरीचा वास खोलीभर होता. तरी ती पळवाट वाईट नव्हती. आईने ती घेतली असती तर जेवण पार पडलं असतं, जुई पुढच्या वर्षीची वाट बघत बसली असती आणि हे लिहायचं कारण उरलं नसतं.

"कसला गुरुवार," आई म्हणाली. "पोरीला खोटं सांगू नगं."

"आवं आई," अविनाश म्हणाला, "बोंडं तुमच्याच बांधावरची आहेत. सॉस तर तुमचाच म्हणायचा."

"पावणं, शिजवलं कुनी? कुनाच्या चुलीवर?"

आई मग जुईकडे वळली. आवाज चढवला नाही. "माझ्या लेकीला पोटचं झालं असतं तर जेवले असते बाळ. न्हाई झालं. रीत हाय ती. तुझ्यावर राग न्हाई माझा."

"मग मी कोण आहे?" जुईने विचारलं.

"तू लय गुनाची हाईस."

विचारलं होतं एक, आलं दुसरं. जुई इंग्रजी शाळेत शिकली आहे, मराठी तिचं अजून अडखळतं, पण एवढं तिला समजलं. तिने आज्जीपुढचं ताट उचललं, आत नेलं आणि ओट्यावर ठेवून त्यावर झाकण घातलं. परत येऊन आपल्या जागी बसली. आई अंगणातल्या कट्ट्यावर गेली आणि तिथे बसून भाकरी खाल्ली. खिडकीतून तिची पाठ दिसत होती. आत दादा जेवत होता. भावाला काही घरांत चालत नाही, आमच्यात चालतं. तो चांगला जेवला आणि प्रत्येक घासाला छान म्हणत राहिला. तिकडचे लोक म्हणायचे तसंच.

जेवणं झाल्यावर आई भांडी घासायला आत आली. द्यायला रीत आड येत नाही, हात द्यायलाही नाही. मी तिला म्हटलं, "ताटाला नुसतं बोट लावलं असतंस तरी चाललं असतं."

"बोट लावल्यालं खाल्ल्यागतच की." ती कढई घासत राहिली. "माझ्या आयनं दादा हुईस्तवर माझ्या दारात पानी घेतलं न्हाई. जतवरनं यायची, उन्हात बसायची, जायची. सासू मला तोंडावर टाकायची, तुझी आयच तुला बाई समजत न्हाई म्हनून. मी काय मेले?"

"मेली नाहीस. म्हणून मला तेच दिलंस."

"तुला काय दिलं न्हाई मी? वर्साची चटणी कोन पाठवतंय?"

"जुईला काय दिलंस?"

"तिला मी काय द्यायचं." तिने कढईवर पाणी ओतलं. "जिची हाय तिनं द्यावं."

"तिची मी आहे."

आईने कढई पालथी घातली. "संगे, मी ते मोडलं तर माझ्या आयनं उन्हात बसून काय मिळीवलं मग?"

तिचं दुःख मला कळलं म्हणून तिचं वागणं बरोबर ठरत नाही. ती दोन वेगळी खाती आहेत आणि पेपरात काम केलेल्या माणसाने ती एकत्र करू नयेत. तिच्या आईने तिला उन्हात बसून दाखवलं. तिने दहा वर्षांच्या मुलीला कट्ट्यावर बसून दाखवलं. यातलं पहिलं मला माहीत नव्हतं, दुसरं माझ्या अंगणात घडलं.

निघायची वेळ झाली. दादाने गाडी फिरवून घेतली. आई दारात पायरीवर उभी राहिली, पण उतरेना. आधी कळलं नाही, मग लक्षात आलं. ती थांबली होती. म्हातारं माणूस निघालं की घरातली मुलं त्याच्या पाया पडतात आणि मग ते पायरी उतरतं.

"पाया पड की गं आज्जीच्या," ती जुईला म्हणाली. अगदी सहज. आष्ट्यात म्हणायची तशी.

जुईने माझ्याकडे पाहिलं.

"पाया नातवंडं पडतात, आई," मी म्हणाले.

दादाने गाडीतून ऐकलं. "संगे, सोड की आता."

"सोडंल कशी," आई म्हणाली. "पेपरात व्हती. शब्दात धरायचीच सवय हाय."

"ताट तू परत केलंस. मी काही धरलेलं नाही."

आईचा उजवा हात जुईच्या डोक्यावर ठेवायला म्हणून अर्धा वर आला होता. तो तिने पदराकडे नेला आणि पदर सारखा केला. "बरं," ती म्हणाली. "मग नगं." ती पायरी उतरली आणि गाडीत जाऊन बसली. काच खाली केली नाही.

त्या प्रसंगाला आता दोन वर्षं होत आली. आमचे फोन होतात. ऊस, दूध, तिचे गुडघे. दिवाळीला आष्ट्याला जातो आणि जेवतो. जुई तिथे जेवते, मागून घेत नाही. गावातले काही लोक म्हणतात, म्हातारं माणूस, किती दिवसांचं, तू लहान हो. परदेशातले आमचे मित्र म्हणतात, दोघींनी बसून नीट बोलायला हवं. दोघांचंही ऐकून घेते. ज्यांनी गाव सोडलं नाही त्यांना वाटतं, बाहेर राहून मी ताठ झाले. जे गेले आणि परतले नाहीत त्यांना वाटतं, परत आल्यावर सगळे वाट बघत असतात. दोघांनाही कळवायचं ते एवढंच की तिकडे असताना घर या शब्दावर मी फार विचार केला होता आणि तो सगळा चुकीचा होता. तेव्हा वाटायचं, आपल्याला आत घेतात ते घर. व्हिसावर राहणाऱ्या माणसाला असं वाटणं साहजिक आहे. त्याला कोणीही, केव्हाही जा म्हणू शकतं आणि त्याला स्वतःला कुणाला जा म्हणता येत नाही. कोरेगावचं हे घर माझं आहे, कारण इथे मला कुणाला जा म्हणता येतं. हे ऐकायला बरं नाही. पण खरं आहे.

या वर्षी त्या गुरुवारच्या आदल्या दिवशी आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग म्हणाली, "गुरुवारचं करताय का?"

"करतोय."

"येऊ का?"

"जेवणार असशील तर ये. नाहीतर नको."

तिकडे तिने म्हशीला हाकललं. मग ती म्हणाली, "बघू."

आमच्याकडे बघू म्हणजे नाही. मी जुईला तसं सांगितलं. ती ओट्याशी उभी होती, बाजारातून आणलेली बोंडं पातेल्यात पडली होती, पाण्याला नुकता रंग चढत होता. आता ती बारा वर्षांची आहे आणि गोष्टी दुसऱ्यांदा विचारत नाही. तिने साखरेचा डबा पुढे ओढला आणि एक वाटी घातली. थांबून आणखी एक घातली.

"एवढी?" मी म्हणाले.

"आज्जी आली तेव्हा मी मुद्दाम कमी घातली होती," ती म्हणाली. "ती म्हणालेली तिला आंबट आवडतं. मला सॉस गोडच आवडतो."